संगणक सुरू होताना डिस्क दिसत नाही: खाऱ्या हवेत काम करणाऱ्या नवशिक्यांसाठी तपासणीचा क्रम

काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ अशी ओळ आली की बहुतेक जण एकच निदान करतात: हार्ड डिस्क उडाली. मग नवी डिस्क येते, विंडोज नव्याने टाकलं जातं आणि जुनी डिस्क आतल्या सगळ्या हिशेबासकट माळ्यावर जाते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या काठाने चालणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हे निदान फार घाईचं असतं. इथल्या वाऱ्यात मीठ आहे, पावसाच्या चार महिन्यांत भिंतीसुद्धा ओल धरतात आणि वादळी संध्याकाळी लाईट येत-जात राहते. त्यामुळे माझा संशय आधी जोडांवर जातो, मग विजेवर, मग सेटिंगवर. डिस्कचा नंबर त्यानंतर.

गावातल्या सेवा केंद्रात, शाळेच्या संगणक कक्षात किंवा घरच्या होमस्टेमध्ये ‘काँप्युटरचं जरा बघ रे’ असं ज्याला सांगितलं जातं, त्याच्यासाठी हा क्रम लिहीत आहे. स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, एक जादा साटा केबल (डिस्क मदरबोर्डला, म्हणजे यंत्रातल्या मुख्य सर्किट बोर्डाला जोडणारी), मल्टिमीटर, पांढरं खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिनक्स (विंडोजऐवजी यंत्र चालवू शकणारी मोफत प्रणाली) टाकलेला पेन ड्राइव्ह एवढं जवळ असलं की सुरुवात करता येते.

हात लावण्याआधी विचारा

यंत्र उघडण्याची घाई नको. मालकाला तीन गोष्टी विचारा. लाईट गेली-आली होती का? यंत्र हलवलं, पडलं किंवा त्यात काही नवं बसवलं का? आणि डिस्कमधलं काय हवं आहे, त्याची दुसरीकडे प्रत आहे का?

पहिल्या प्रश्नाला सिंधुदुर्गात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “लाईट गेली, इली, आणि मगे सुरूच होईना.” ते वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिसरा. प्रत असेल तर तुम्ही मोकळेपणाने प्रयोग करू शकता. नसेल तर त्या डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही याची जबाबदारी त्या क्षणापासून तुमची. विंडोजची आपोआप होणारी दुरुस्ती, चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम), फॉरमॅट, नव्याने इन्स्टॉल, यातलं काहीही प्रत काढून होईपर्यंत करायचं नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवलं की ते खराब जागा पुन्हापुन्हा वाचायला लावतं आणि फाइलींची नोंद स्वतःच्या समजुतीप्रमाणे बदलतं. उरलेला डेटा अशाने जातो. डिस्क नवी विकत मिळते. मुलीच्या लग्नाचे फोटो आणि संस्थेचं दफ्तर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना कान द्या

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटची बाजू उघडा, यंत्राला जोडलेले पेन ड्राइव्ह, प्रिंटर, मेमरी कार्ड सगळं काढा आणि एकदाच सुरू करा. विसरलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याच्या खटपटीत यंत्र अडकलेलं असणं हे अगदी नेहमीचं कारण आहे. तेच असेल तर काम इथेच संपलं.

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तो वेग घेतानाचा चढता सूर ऐकू येतो. मग एखादी हलकी टकटक, नंतर एकसारखी घरघर. हे सगळं ठीक. पण टक-टक-टक असा ठरावीक अंतराने आवाज येऊन डिस्क थांबत असेल तर आतलं वाचणारं हेड गेलं आहे किंवा जायच्या बेतात आहे. ताबडतोब बंद करा. हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. हेड खाली टेकलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला डेटाचा थर खरवडला जातो. अशी डिस्क घरी उघडायची नाही, फ्रिजरमध्ये ठेवायची नाही, आपटून बघायची नाही. डेटा मोलाचा असेल तर ती मुंबई-पुण्याच्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत जायला हवी. मालकाला हे स्पष्ट सांगा आणि खर्च आधी विचारून घ्यायला लावा.

आवाजच नाही किंवा बारीक ‘टूंऽ’ असा दबलेला सूर येऊन फिरणं सुरूच होत नाही, असं असेल तर वीज कमी मिळते आहे किंवा मोटर अडकली आहे. एसएसडीला (चिपवर डेटा ठेवणारी, फिरणारा भाग नसलेली डिस्क) आवाज नसतोच, तिथे थेट पुढच्या पायरीवर जा.

कुठे अडकतं आहे?

बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे यंत्र जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, आधी रॅम आणि पडदा तपासतो, मग डिस्कची ओळख पटवतो, मग तिच्यावरचा बूटलोडर (विंडोजला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) वाचतो आणि शेवटी विंडोजच्या हाती कारभार देतो. कोणत्या टप्प्यावर गाडी थांबली ते पडद्यावर दिसतं.

पडदा काळाच आणि नुसत्या बीप येत असतील तर तो बहुधा रॅमचा मामला असतो. रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसून परत बसवा. पावसाळ्यात एवढ्यानेच पुष्कळ यंत्रं सुरू होतात. कंपनीच्या लोगोवर यंत्र मिनिट-दोन मिनिटं खिळून राहत असेल तर बायोस डिस्कच्या उत्तराची वाट बघतो आहे असं समजा. यंत्र बंद करून डिस्कची केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. लोगो झटकन पुढे सरकला तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये.

विंडोजचा लोगो येऊन मग निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर बायोसला डिस्क दिसली होती. घोटाळा बहुधा सेटिंग, ड्रायव्हर किंवा फाइल सिस्टिमचा. आणि ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ अशी ओळ आली तर डिस्कने स्वतःच कबुली दिली आहे. त्याच दिवशी प्रत काढा, उद्यावर टाकू नका.

बायोसमध्ये नाव शोधा

यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. एचपीला एफ१०. आत साटा, स्टोरेज किंवा एनव्हीएमई (नव्या वेगवान एसएसडींची जोडणी) नावाच्या पानावर जोडलेल्या डिस्कची यादी असते.

नाव आणि आकारमान बरोबर दिसत असेल तर विजेची आणि केबलची मोठी शंका फिटली; पुढे सेटिंग आणि बूटलोडर बघायचा. नावच नसेल तर जोड आणि वीज. तिसरा प्रकार नवशिक्याला चकवतो: नाव दिसतं पण आकारमान शून्य, किंवा नाव भलतंच. काही स्वस्त एसएसडी बिघडल्यावर स्वतःचं नाव सोडून ‘साटाफर्म एस११’ असं सांगायला लागतात. याचा अर्थ आतल्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर (तिला चालवणारा आतला प्रोग्रॅम) कोलमडलं आहे. केबल बदलून काहीही होत नाही.

अचानक लाईट गेल्यानंतर एखादी एसएसडी अजिबात दिसेनाशी होते, तेव्हा एक उपाय करून बघण्यासारखा आहे. डेटा केबल काढायची, फक्त वीज जोडलेली ठेवायची, अर्धा तास तसंच सोडायचं, मग बंद करून पुन्हा सगळं जोडायचं. काही एसएसडी या वेळात कुठला डेटा कुठे आहे याचा आतला तक्ता पुन्हा बांधतात आणि परत दिसू लागतात. दिसली की आधी प्रत.

जोड: इथे वेळ घालवा

किनाऱ्यावर काम करणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. यंत्र बंद करा, प्लग काढा, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे साठलेली वीज निघून जाईल. लॅपटॉप असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

साटाची डेटा केबल सात संपर्कांची, वीज देणारी पंधरा संपर्कांची. दोन्ही काढून टॉर्चच्या उजेडात तोंडं बघा. देवगडकडच्या एका बागायतदाराचं यंत्र समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवलेलं असायचं. सकाळी एका झटक्यात सुरू व्हायचं नाही, दोन-तीनदा बंद-चालू केलं की चालायचं, आणि एकदा तापलं की दिवसभर तक्रार नाही. त्यांनी नवी डिस्क विकतही आणून ठेवली होती. जुन्या डिस्कची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) उघडली तर खराब जागांचे आकडे शून्य, पण सी७ या ओळीतला आकडा शेकड्यांत आणि रोज वाढणारा. ही ओळ केबलमधून जाताना बिघडलेल्या डेटाची मोजणी करते. केबलचं टोक उजेडात तिरकं धरलं तेव्हा सातांपैकी एका पट्टीवर मोहरीहून बारीक, गंजाचा हिरवा ठिपका दिसला. केबल बदलली, डिस्कच्या बाजूचे संपर्क अल्कोहोलने पुसले, आणि आकडा तिथेच थांबला. तो परत शून्यावर येत नाही, म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का ते बघायचं.

तुम्हीही असंच करा. केबल बदला, मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा, वीजजोडही एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) दुसऱ्या तारेवरून द्या. संपर्क पुसायला सुती कापड आणि अल्कोहोल; पॉलिश पेपर कधीच नाही, त्याने वरचा सोन्याचा मुलामा निघतो आणि मग गंज लवकर धरतो. पांढऱ्या मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचा चार पिनांचा वीजजोड) साटा करणारे एकसंध ओतीव जोड टाळा. आतल्या तारा एकमेकींना लागून ते वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं जगभर आहेत.

एम डॉट टू प्रकारची, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत थेट बसणारी पट्टीसारखी एसएसडी असेल तर तिचा स्क्रू काढा, पट्टी बाहेर घ्या, संपर्क पुसा आणि तिरकी आत सरकवून परत बसवा. पट्टी अर्धवट आत गेलेली असणं हा नेहमीचा दोष. नवी बसवली असेल तर प्रकारही तपासा: काही खाचा फक्त साटा चालवतात, काही फक्त एनव्हीएमई. बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टू भरली की साटाची एक-दोन पोर्टं आपोआप बंद होतात. “नवी एसएसडी बसवली आणि जुनी डिस्क गेली” या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या पोटाला हिरवा सर्किट बोर्ड असतो आणि त्याच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या डिस्कच्या पोटातल्या पिनांना टेकतात. दमट हवेत त्या काळ्या पडतात आणि धडधाकट डिस्क ओळखू येईनाशी होते. लहान टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरने बोर्ड काढून पट्ट्या खोडरबराने उजळवता येतात. वॉरंटी संपलेली असेल तरच हे करा, आणि डेटा अमूल्य असेल तर स्वतः करूच नका. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून हिला लावणं हा आणखी एक लोकप्रिय प्रकार आहे. तो चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्याच बोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात.

वीज आणि अर्थिंग

एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ व्होल्ट यायला हवेत. पाच टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालतं. मोठी हार्ड डिस्क मोटर फिरवायला १२ व्होल्टची वीज घेते, अडीच इंची डिस्क आणि साटा एसएसडी ५ व्होल्टवर चालतात. म्हणून एसएसडी दिसते पण हार्ड डिस्क फिरत नाही, असं झालं तर पिवळी तार मोजा. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज राहते. तो सरळ बदलायचा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग गेलं आहे. आपल्याकडे घरं जांभ्यावर; मे महिन्यात ती जमीन वाळून खडखडीत होते आणि अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो. खड्ड्यात नियमित पाणी घालायला सांगा आणि वायरमनकडून तपासून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढायची.

बॅटरी आणि सेटिंग

मदरबोर्डवरची गोल बॅटरी, सीआर२०३२, ३ व्होल्टची असते. ती संपली की यंत्राची तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाते आणि बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येतात. डिस्क शाबूत, केबल शाबूत, तरी विंडोज सुरू होत नाही, याचं हे साधं कारण. २.८ व्होल्टच्या खाली मोजली तर बदला.

मग दोन सेटिंग बघा. एक, साटाची पद्धत, म्हणजे यंत्र डिस्कशी कसं बोलतं ते: एएचसीआय, रेड (RAID) की आयडीई. विंडोज ज्या पद्धतीवर टाकलं होतं तीच हवी, नाहीतर निळा पडदा येतो. दोन, बूटची पद्धत: जीपीटी (डिस्कचे भाग नोंदण्याची नवी पद्धत) असलेली डिस्क यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर सुरू होते, एमबीआर या जुन्या नोंदीच्या डिस्कला लेगसी, म्हणजे जुनी बूट पद्धत लागते. आधी काय होतं ते ठाऊक नसेल तर एकेक बदल करा आणि प्रत्येक बदलाचा मोबाइलवर फोटो ठेवा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते. तिथे विंडोज टाकताना डिस्क दिसतच नाही, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. लोक अशी ठणठणीत एसएसडी खराब म्हणून परत करायला जातात.

एक सावधगिरी: विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये बदल केल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधी शोधून कागदावर लिहा, मगच सेटिंगला हात लावा.

डिस्कच दोषी असेल तर

सगळं करून डिस्क दिसते पण यंत्र सुरू होत नाही, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि स्मार्ट नोंद वाचा. दुसऱ्या विंडोज यंत्राला जोडणार असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन आहे. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या: बदललेल्या जागा, वाचायला अडचण येणाऱ्या जागा आणि न वाचता आलेल्या जागा. त्यांचे आकडे शून्याच्या वर गेले आणि वाढत असले तर त्या डिस्कवर विसंबू नये.

प्रत काढताना फाइली ओढून टाकण्यापेक्षा डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलं त्याची नोंद ठेवतं, म्हणजे मधेच लाईट गेली तरी तिथूनच पुढे जाता येतं. नोंदीची फाइल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवायला विसरू नका. कोणती डिस्क मूळ आणि कोणती रिकामी हे तीनदा वाचून मगच एंटर दाबा. फाइली शोधणं, दुरुस्ती, चेकडिस्क, सगळं त्या प्रतिमेवर करायचं.

पाण्यात गेलेली डिस्क

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांतले संगणक पाण्याखाली गेले. अशी डिस्क सुरू करून बघायची नाही, एकदाही नाही. साध्या हार्ड डिस्कला हवा घेण्यासाठी बारीक छिद्र असतं आणि तिथून पाणी आत जातं. ती उन्हात, तांदळात किंवा केस वाळवायच्या यंत्राने सुकवली तर गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात. ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवा.

मिरगाआधी

हापूसचा हंगाम आटोपून हिशेब बंद होतात तो मेअखेरचा आठवडा प्रत काढायला सगळ्यांत चांगला. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घ्या, त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, मग डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. संगणक खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब घ्या आणि पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर चालू ठेवा. आतली ऊब ओल बसू देत नाही. निळी सिलिका जेल ओल धरली की गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवी. रंग बदलला की दाणे पुडीतून काढून ओव्हनमध्ये मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवा, पूर्ण गार झाले की नव्या पुडीत भरून डब्यात ठेवा.